वाचकांचे प्रश्न : छोटं विमान, लहान मूल आणि पट्टा

या वेळी सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतले आहेत. अमेरिकेत खासगी पायलटचं लायसन्स काढून भाड्याच्या किंवा क्लबच्या चार सीटच्या विमानातून घरच्यांना फिरवणाऱ्या मराठी कुटुंबांतून ते आले आहेत, एक पत्र टोरांटोचं, एक लंडनचं आहे आणि एक पुण्याच्या आजींचं. नियमांचे उल्लेख अमेरिकेतल्या एफएए या विमानवाहतूक नियामक संस्थेचे आहेत. कारसीट, म्हणजे मुलाला बांधून बसवायची वेगळी सीट, बसवण्याची रीत मात्र विमान कुठलंही असलं तरी तीच.

प्रश्न : आमचं बाळ आठ महिन्यांचं, वजन जेमतेम साडेआठ किलो. नवऱ्याला लायसन्स मिळून वर्ष झालं. ऑस्टिनहून दीड तासावर माझी बहीण राहते, तिथे सेसना १७२ ने जायचा विचार आहे. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर चालतं असं नियमच सांगतो. मग एवढ्याशा विमानात ती अवजड कारसीट कोंबायची गरज आहे का? मी त्याला घट्ट धरेन. (ऑस्टिन, टेक्सास)

उत्तर : नियम तुम्ही बरोबर वाचला आहे. एफएएच्या नियम ९१.१०७ प्रमाणे दुसरा वाढदिवस न झालेलं मूल मोठ्या माणसाने धरून बसलेलं चालतं. पण ही फक्त परवानगी आहे. बाळ त्यामुळे सुरक्षित होतं, असं तो नियम कुठेही म्हणत नाही. आमचं उत्तर स्पष्ट आहे : गरज आहे, आणि सीट बसत नसेल तर त्या दिवशी बाळाला विमानात नेऊ नका.

हिशेब करून बघा. जुन्या छोट्या विमानांच्या सीटा पुढच्या दिशेने ९ जी (म्हणजे वजनाच्या नऊपट) इतका धक्का सोसतील अशा बेताने बनवलेल्या असतात. १९८८ नंतरच्या कडक निकषांनुसार प्रमाणित झालेल्या सीटांची चाचणी २६ जी पर्यंत होते. याचा अर्थ, ९ जी चा धक्का हा मोठ्या माणसाने पट्ट्यात बसून निभावून नेण्यासारखा धरलेला आहे. त्या क्षणी तुमचं साडेआठ किलोचं बाळ हातांना शहात्तर किलोंहून जड होतं. पोत्याएवढं ते वजन हिसक्यासरशी, काही कळायच्या आत, पुढे जातं. आईच्या मायेत कमी नसतं, पण मनगटात तेवढं बळ कोणाच्याच नसतं. शिवाय तुमचं स्वतःचं धडही पुढे फेकलं जातं. खांद्याचा पट्टा नसेल तर तुम्ही कमरेतून दुमडता, आणि बाळ तुमच्या छातीच्या आणि पुढच्या सीटच्या मध्ये सापडतं.

म्हणूनच एक गोष्ट कधीही करू नका : दोघांभोवती मिळून एकच पट्टा. वर सांगितलेल्या परवानगीत अटच आहे की धरलेल्या मुलाने कुठलाही पट्टा वापरता कामा नये. कारण उघड आहे. तुमचं सगळं वजन त्या पट्ट्यावर येतं आणि मध्ये बाळाचं पोट असतं.

मांडीवरच्या बाळांचं काय होतं हे मोठ्या विमानांतही दिसलेलं आहे. १९ जुलै १९८९ ला आयोवातल्या सू सिटीला युनायटेडचं विमान कोसळलं, तेव्हा मांडीवरच्या चार बाळांना आईवडिलांच्या पायांपाशी जमिनीवर ठेवायला सांगितलं होतं. त्यातलं एक गेलं. छोट्या विमानांबद्दलची चर्चा २२ मार्च २००९ नंतर वाढली. मोंटानातल्या ब्यूट इथे पिलाटस पीसी-१२ जातीचं विमान पडलं आणि आतले चौदाही जण गेले. त्यांत सात मुलं होती. अपघाताचं मूळ पट्ट्यांत नव्हतं, इंधनात बर्फ धरू नये म्हणून घालायचं द्रव्य घातलेलं नव्हतं. त्या आघातातून कोणी वाचणंही शक्य नव्हतं. पण विमानात सीटा कमी आणि माणसं जास्त होती, हे तपासात उघड झालं. तेव्हा अपघात तपासणाऱ्या एनटीएसबीने शिफारस केली : खासगी उड्डाणांतही प्रत्येकाला स्वतंत्र सीट आणि स्वतंत्र पट्टा हवा, दोन वर्षांखालच्यालाही.

आणि अपघाताचंच कशाला घ्यायचं? टेक्सासमध्ये उन्हाळ्याच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून येणारे गचके १७२ सारख्या हलक्या विमानाला चांगलेच बसतात. त्यांतल्या एखाद्याने डोकं छताला लागतं. पट्ट्यातल्या मोठ्या माणसाला त्याचं विशेष वाटत नाही, मोकळ्या बाळाला वाटेल.

प्रश्न : दुकानात पन्नास तऱ्हेच्या कारसीट आहेत. विमानासाठी नेमकी कुठली? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : आधी लेबल शोधा. अमेरिकन बनावटीच्या सीटवर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं की ही सीट मोटारगाडी आणि विमान दोन्हींसाठी प्रमाणित आहे. ते बहुधा बाजूला किंवा खाली असतं, कापडाखाली दडलेलंही असतं. हे लेबल मिळवण्यासाठी सीटला एक जादा चाचणी द्यावी लागते. ती विमानाच्या सीटवर बांधून उलटी करतात, आणि तरी आत बसवलेली चाचणीची बाहुली बाहेर येता कामा नये, सीट निसटता कामा नये. गाडीच्या सीटला हे करावं लागत नाही, विमानातल्या गचक्यांसाठी ते लागतं.

नुसता बूस्टर, म्हणजे स्वतःचा पट्टा नसलेली उंचवट्याची सीट, चालत नाही. मुलाला अंगात घालायचे जाकिटासारखे पट्टेही चालत नाहीत. विमान जमिनीवर चालताना, टेकऑफ आणि लँडिंगसाठी एफएए ते मान्य करत नाही.

वजनाचा ढोबळ हिशेब असा : २० पौंडांखाली मागे तोंड असलेली सीट, २० ते ४० पौंडांना पुढे तोंड असलेली आणि स्वतःचा पाच टोकांचा पट्टा असलेली, त्यापुढे विमानाचा पट्टा. एवढं किमान झालं. सीटच्या पुस्तिकेतली मर्यादा परवानगी देत असेल आणि विमानात जागा असेल, तर मूल जितके दिवस मागे तोंड करून बसेल तितकं चांगलं. याचं एक खास कारण छोट्या विमानात आहे. गाडीत पुढे तोंड असलेल्या सीटचा माथा वरच्या पट्ट्याने मागे बांधतात, ज्याला टॉप टेदर म्हणतात. विमानात तो बांधायला जागाच नसते. अमेरिकन मानकाप्रमाणे टेदरशिवाय चाचणी करताना बाहुलीचं डोकं ८१३ मिलिमीटरपर्यंत पुढे आलेलं चालतं, टेदरसह ७२० पर्यंत. चार सीटच्या विमानात पुढच्या सीटची पाठ यापेक्षा जवळ असू शकते. सामानाच्या कप्प्यातल्या कड्यांना टेदर बांधण्याचा मोह काहींना होतो. तसं करू नका. ती कडी सामान धरण्यासाठी आहेत, कुठल्या दिशेने किती ओढ सोसतील हे या कामासाठी कोणी तपासलेलं नसतं.

तान्ह्यांच्या बादलीसारख्या सीट घेताना दोन गोष्टी बघा. एक, ती बेसशिवाय, म्हणजे गाडीत बांधून ठेवायच्या खालच्या पायाशिवाय, बसते का. बेस विमानात नेण्यात अर्थ नाही. दोन, बेसशिवाय बांधताना फक्त कमरपट्टा पुरतो का. काही सीटला पट्टा पाठीमागून वळसा घालून न्यायची युरोपीय पद्धत असते. तिला खांद्याचा पट्टा लागतो, आणि जुन्या विमानाच्या मागच्या बाकावर तो नसतो. अमेरिकन पद्धतीचा, म्हणजे फक्त आडवा, पट्टामार्ग (सीटमधून पट्टा ओवायची वाट) असेल तरच ती सीट उपयोगी.

वापरलेली सीट ओळखीच्यांकडून घेणार असाल तर मुदतीची तारीख आणि ती कधी अपघातात सापडली होती का, एवढं विचाराच. फार अवजडही घेऊ नका. ती विमानाच्या अरुंद दारातून, पंखाखाली वाकून आत घालायची आहे.

प्रश्न : सेसना १७२ मध्ये कारसीट बसवून पाहिली. कितीही ओढलं तरी हलतेच. काय चुकतंय? (सॅन होजे, कॅलिफोर्निया)

उत्तर : चूक बहुधा तुमची नसते, पट्ट्याची ठेवण निराळी असते. गाडीचे पट्टे बाकाच्या सांध्यातून वर येतात. अनेक छोट्या विमानांत पट्ट्याचं टोक सांध्याच्या थोडं पुढे, बाजूच्या सांगाड्याला धरलेलं असतं. कारसीटचा पट्टामार्ग त्या टोकाच्या मागे गेला तर पट्टा सीटला खाली-मागे दाबण्याऐवजी नुसता आडवा पसरतो, आणि सीट पुढे सरकत राहते. हे जोर लावून सुटत नाही. दुसरी कारसीट घेऊन बघा, किंवा तीच बाकाच्या दुसऱ्या बाजूला. दोन बनावटींत पट्टामार्ग चार-पाच सेंटिमीटर पुढेमागे असला तरी फरक पडतो. म्हणून सीट विकत घेण्याआधी, उड्डाण नसलेल्या दिवशी, हँगरमध्ये, म्हणजे विमानाच्या शेडमध्ये, नेऊन बसवून बघणं हाच खरा उपाय. दुकानदाराकडे परत करण्याची मुभा विचारून ठेवा.

बसवताना क्रम असा ठेवा. कारसीट मागच्या बाकावर उजवीकडे, म्हणजे पायलटच्या मागे नाही. उजवी पुढची सीट रुळावर पुढे सारा. आता विमानाचा पट्टा पीळ न पडता सरळ करा आणि योग्य मार्गातून ओवा : मागे तोंड असलेल्या सीटचा मार्ग वेगळा, पुढे तोंड असलेल्याचा वेगळा, बहुतेक सीटवर निळ्या आणि लाल खुणा असतात. बकल लावा. मग एका हाताने किंवा गुडघ्याने सीट बाकात खोल दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने पट्ट्याचं सैल टोक ओढा. दाब कमी न करता दोन-तीनदा ओढा. तपासायचं ते पट्टामार्गापाशी धरून. तिथे सीट कुठल्याही बाजूला अडीच सेंटिमीटरहून जास्त हलता कामा नये. माथ्याकडे धरून हलवलं तर हलणारच, मागे तोंड असलेल्या सीटला ते चालतं.

आता बकल. विमानाचं बकल वरची पट्टी उचलून उघडतं, गाडीसारखं बटण नसतं. ही पट्टी कारसीटच्या कडेवर आली तर दोन घोटाळे होतात. एक तर कडेच्या दाबाने पट्टी उचलली जाऊन पट्टा सैल होतो. नाहीतर पट्टी सीटच्या अंगाकडे तोंड करून अडकते आणि घाईत उघडतच नाही. पट्ट्याला दोन्ही बाजूंनी लांबी बदलायची सोय असेल तर बकल मार्गाच्या बाहेर किंवा मधोमध येईल असं सरकवा. नसेल तर बकल लावताना उलटं धरा, उचलायची पट्टी मोकळ्या बाजूला येईल. बसवून झाल्यावर ते एकदा उघडून पाहणं हाही बसवण्याचाच भाग समजा. पट्टा तोकडा पडला तर त्याच बकलला जुळणारी विमानाचीच जोडपट्टी हवी, गाडीची नको.

नव्या विमानांत मागेही खांद्यासकट पट्टा असतो आणि त्याची चक्री फक्त हिसका बसला की अडते. हळू ओढलं तर पट्टा सुटतच राहतो. गाडीत पट्टा पूर्ण ओढला की तो अडकून बसतो, तशी सोय इथे गृहीत धरू नका. कमरेचा भाग स्वतंत्रपणे घट्ट होत नसेल तर लोखंडी लॉकिंग क्लिप लागते. इंग्रजी एच अक्षरासारखी ती पट्टी जुन्या कारसीटबरोबर मिळायची, आता उत्पादकाकडून मागवावी लागते. जुन्या सेसनात खांद्याचा पट्टा वेगळा असून बकलजवळच्या खुंटीवर अडकवतात. तो कारसीटला लावू नका, मुलाच्या हाताला येणार नाही असा वर गुंडाळून ठेवा. लोंबता पट्टा म्हणजे गळ्याला फास.

पट्ट्यात शिवलेला जाडसर, फुगीर भाग दिसला तर तो एअरबॅगचा पट्टा आहे. त्या जागेवर मागे तोंड असलेली सीट बांधायची नाही. विमानाची पुस्तिका आणि मेकॅनिक काय सांगतात ते आधी बघा.

पायलटची सीटही तपासा. सेसनाच्या पुढच्या सीटा रुळावर सरकतात. त्यांची खीळ आणि रूळ झिजून टेकऑफला सीट मागे घसरण्याचे प्रकार झाल्यामुळे एफएएने त्यांच्या तपासणीचा सक्तीचा आदेश काढलेला आहे. मागे तोंड असलेली कारसीट पायलटच्या पाठीला टेकत असेल, तर त्याला सीट हवी तिथे आणून खिळीत बसवता येत नाही, मग तो अर्धवट अडकवतो. म्हणून वर म्हटलं, पायलटच्या मागे नको. पुढच्या उजव्या सीटवर तर मुळीच नको. तिथे स्टिअरिंगची दांडी पूर्ण मागे येताना कारसीटला अडते, आणि थोडं मोठं मूल पायाने ती ढकलू शकतं.

सगळं झाल्यावरही, इंजिनाची तपासणी आटोपून धावपट्टीकडे वळण्याआधी मागे बसलेल्या माणसाने पट्ट्याचं टोक पुन्हा एकदा ओढायचं. थरथरीने तो सैल पडतो.

वजनाच्या तक्त्यात मुलाचं वजन लिहिताना कारसीटचे पाच ते दहा किलो लोक विसरतात. ते मागच्या बाकाच्या ओळीत धरा, डायपरची पिशवी सामानाच्या ओळीत. आणि ती पिशवी जाळीखाली बांधा. ती ज्याच्या डोक्यामागे असते तो तुमचाच मुलगा असतो.

प्रश्न : पायपर चेरोकी, मुलं दोन : तीन आणि सहा वर्षांची. कोणाला कुठे बसवू? मोठ्याला साधा कमरपट्टा पुरेल का? (टोरांटो)

उत्तर : चेरोकीला दार एकच, उजवीकडे, पंखावर उघडणारं. चारही माणसं त्यातूनच बाहेर पडणार. म्हणून कारसीट मागे डावीकडे, खिडकीशी ठेवा, म्हणजे वाटेत ती येणार नाही. ही जागा पायलटच्या मागची आहे, म्हणून ती पुढे तोंड असलेलीच आणि त्याच्या पाठीला न टेकणारी हवी. मोठा मुलगा मागे उजवीकडे आणि दुसरं मोठं माणूस पुढे उजव्या सीटवर. त्यानेच आधी बाहेर पडून मागच्यांना ओढायचं आहे. त्यामुळे दाराची वरची आणि बाजूची अशी दोन्ही कडी त्याला डोळे मिटून उघडता आली पाहिजेत. मागे मोठ्या माणसाशिवाय दोन मुलं हे आम्हाला फारसं पसंत नाही. पहिल्या काही फेऱ्या एकेका मुलाला घेऊन करा, दुसऱ्याशेजारी मोठं माणूस बसवा.

सहा वर्षांच्याचा प्रश्न खरोखर अवघड आहे. अमेरिकेत छोट्या विमानांना पुढच्या सीटला खांद्याचा पट्टा १८ जुलै १९७८ नंतरच्या बनावटीपासून सक्तीचा झाला, सगळ्या सीटांना १२ डिसेंबर १९८६ नंतरच्या. तुमची चेरोकी त्याआधीची असेल तर मागे बहुधा फक्त कमरपट्टा आहे. तो मुलाच्या पोटावर नाही, मांड्यांच्या मुळाशी, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. मूल घसरून बसलं की तो आपोआप पोटावर चढतो आणि धक्का आतड्यांना बसतो. उशी देऊन उंच करू नका. उशी दबली की पट्टा सैल. त्याचं वजन सीटच्या मर्यादेत असेल (पाच टोकांच्या पट्ट्याच्या पुष्कळ सीट ६५ पौंडांपर्यंत चालतात) तर त्यालाही कारसीटच द्या. कायमचं करायचं तर मागे खांद्याचे पट्टे बसवून घ्या. बऱ्याच जुन्या विमानांसाठी मान्यताप्राप्त संच मिळतात, काम मात्र मेकॅनिकचं.

प्रश्न : केअर्स नावाचा पट्टा एअरलाइनमध्ये वापरतो. छोटासा, अर्ध्या किलोचा. तोच सेसनात चालेल? (शिकागो)

उत्तर : केअर्सला एफएएची मान्यता २००६ पासून आहे, २२ ते ४४ पौंड वजनाच्या आणि ४० इंचांपर्यंत उंचीच्या मुलांसाठी. तो विमानाच्या सीटच्या पाठीभोवती वळसा घालून बसतो आणि मुलाच्या धडाची सगळी ओढ त्या पाठीवर टाकतो. एअरलाइनची पाठ ती सोसते. छोट्या विमानात मागच्या बाकाची पाठ पुष्कळदा एकसंध रुंद असते, वळसा बसत नाही. कुठे ती सामान ठेवायला पुढे दुमडते. दुमडणाऱ्या, खीळ नसलेल्या पाठीला केअर्स बांधला तर मुलाबरोबर पाठच पुढे येईल. तुमच्या विमानात पाठ स्वतंत्र, पक्की आणि न दुमडणारी असेल तरच विचार करा. चार सीटच्या विमानात आम्ही कारसीटच सांगू.

प्रश्न : बोनान्झा विमानात मधल्या दोन सीटा मागे तोंड करून आहेत. त्यावर कारसीट बांधली तर ती आपोआप मागे तोंड होईल ना? (डॅलस)

उत्तर : नाही, आणि बांधायची नाही. नियमाप्रमाणे कारसीट विमानाच्या पुढे तोंड असलेल्या सीटवरच हवी. समोरासमोरच्या बैठकीत ती अगदी मागच्या दोनपैकी एका सीटवर बांधा.

प्रश्न : एअरलाइनने बाळासाठी मोठ्यांच्या पट्ट्यात अडकवायचा लूप दिला होता. तसाच क्लबच्या विमानात वापरायचा का? आमची कारसीट आयसोफिक्सची (पट्ट्याऐवजी गाडीतल्या कड्यांत अडकणारी) आहे. (लंडन)

उत्तर : हा लूप युरोपात आणि भारतातही मांडीवरच्या बाळाला देतात. अमेरिकेत टेकऑफ-लँडिंगला तो मान्य नाही. तो बाळाला केबिनभर उडू देत नाही हे खरं, पण धक्क्याचा सारा भार कोवळ्या पोटावर घेतो आणि वर मोठ्या माणसाचं धड दुमडून येतं ते वेगळंच. आम्ही तो सुचवणार नाही.

आयसोफिक्सचं म्हणाल तर काही नव्या सिरस विमानांत मागे त्याची कडी असतात. क्लबच्या सेसनात किंवा पायपरमध्ये ती मिळायची नाहीत. तुमची सीट फक्त आयसोफिक्सवर बसणारी असेल तर ती तिथे निरुपयोगी आहे. आडव्या कमरपट्ट्यानेही बांधता येते असं पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलीच सीट घ्या.

प्रश्न : मी पुण्याहून लेकीकडे आले आहे. जावई विमान चालवतात. नातू अकरा महिन्यांचा. मागे त्याच्याशेजारी मी बसायचं ठरलं आहे. मला विमानातलं काही कळत नाही, मी काय काय करायचं? (नाव कळवलेलं नाही)

उत्तर : आजी, त्या विमानात जावयांच्या खालोखाल महत्त्वाचं काम तुमचंच आहे. मागे तोंड करून बसलेल्या बाळाचा चेहरा पायलटला दिसत नाही. तो फक्त तुम्हाला दिसणार.

आदल्या दिवशी हँगरमध्ये जाऊन तीन गोष्टी हातांनी करून बघा : तुमचा स्वतःचा पट्टा उघडणं, नातवाचा पाच टोकांचा पट्टा उघडणं आणि दार उघडणं. नातवाच्या पट्ट्याचं लाल बटण बरंच कडक असतं, सांधे दुखत असतील तर अंगठ्याला जड जातं. दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून दाबा. पाचदा करून पाहा, मग डोळे मिटून एकदा. बाहेर पडायची वेळ आलीच तर पट्टा सोडून फक्त बाळाला उचलायचं, कारसीट तिथेच राहू द्यायची. सीटसकट काढायला कोणी जाऊ नये, ती दारात अडकते.

बाळाला बसवताना खांद्यावरचे पट्टे त्याच्या खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून आलेले असावेत (मागे तोंड असताना खालून, पुढे तोंड असताना वरून). छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत असावी. पट्टा चिमटीत धरून बघा, घडी पडली तर तो सैल आहे. वर थंडी असते, दर हजार फुटांना साधारण दोन अंश उतरतात. म्हणून आपण स्वेटर, टोपरं, जाड जाकीट चढवतो, आणि त्यावरून बांधलेला पट्टा धक्क्याला जाकीट दबल्यावर सैल पडतो. पातळ कपड्यांवर पट्टा आवळा आणि दुलई वरून घाला. उलट उन्हाळ्यात उभ्या विमानाची केबिन भट्टी होते, बकलचं धातू चटका देतं. बाळाला बसवण्याआधी त्याला हात लावून बघा.

विमान चढताना नाक वर होतं, तेव्हा मागे तोंड असलेली सीट थोडी जास्त उभी होते. झोपलेल्या बाळाची मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडखळतो. त्या दहा-पंधरा मिनिटांत हनुवटीकडे लक्ष असू द्या आणि मान हळूच बाजूला वळवा.

कानांवर मुलांच्या मापाची जाड कव्हरं हवीत. इंजिनाचा आवाज मोठ्यांनाही सोसत नाही. कानात घालायचे फोमचे बोळे बाळाला देऊ नका, ते तोंडात जातात. हेडफोनची वायर असेल तर ती सीटच्या मागून न्या.

उतरताना कान दुखतात ते चढण्यापेक्षा जास्त. जावयांना सांगा, मिनिटाला पाचशेऐवजी तीनशे फुटांनी उतरा. साडेसहा हजार फुटांवरून हजारावर यायला मग अठरा मिनिटं लागतात, म्हणजे १७२ च्या वेगाने सुमारे पस्तीस सागरी मैल आधीपासून खाली यायला लागायचं. त्या वेळात बाटली किंवा चोखणी द्या, पण बाळ सीटमध्येच ठेवून. आई असली तरी अंगावर पाजायला त्याला बाहेर काढायचं ते उतरण्याच्या वेळी नाहीच. खाऊ मऊ द्या, शेंगदाणे, द्राक्षं, चुरमुरे नकोत. गचका बसला की ते श्वासनलिकेत जातात. खेळणं कापडी असावं. टॅब्लेट हातात असेल तर तो बांधलेला असावा.

रडला म्हणून पट्टा सैल करायचा नाही आणि उचलून घ्यायचं नाही. हे सांगणं सोपं आणि करणं कठीण आहे हे आम्हाला माहीत आहे. अर्धा तास रडून घसा बसला तर तो दुसऱ्या दिवशी बरा होतो. अगदीच राहवेना तर जावयांना सांगा, ते जवळच्या विमानतळावर उतरतील. छोट्या विमानाची ती मोठी सोय आहे.

एक गोष्ट मात्र रडण्याहून घाबरण्यासारखी आहे, ती म्हणजे अवेळी गप्प होणं. सेसनासारख्या विमानात ऊब इंजिनाच्या धुराड्याभोवतीच्या हवेतून येते. धुराडं चिरलेलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो, त्याला वास नसतो, आणि बाळं मोठ्यांच्या आधी मलूल होतात. हिटर चालू असताना नातू एकदम सुस्त झाला, ओकला, किंवा तुमचंच डोकं जड झालं, तर लगेच सांगा : हिटर बंद, खिडकीची हवा सुरू, आणि उतरायचं. विमानात आकडा दाखवणारं मोनॉक्साइडचं यंत्र लावा, असं जावयांना आजच सांगा. उंचीबद्दलही एवढं सांगून ठेवा की नातू असताना आठ हजार फुटांच्या वर जायचं नाही. नियम मोठ्यांना त्याहून वर जाऊ देतो, पण तान्ह्याला तिथली विरळ हवा कशाला.

आणि हेडसेट तुम्हीही लावा. त्यातूनच तुमचं बोलणं जावयांपर्यंत पोचणार. त्याचा माइक ओठांना जवळपास टेकलेला लागतो, नाहीतर इंजिनाच्या आवाजात तुमची हाक त्यांना ऐकू जाणार नाही.